वाचकांचे प्रश्न : रेडिओवरची इटालियन संगीतिका

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात ‘इटालियन ऑपेरा आजही रेडिओवर थेट नाट्यगृहातून ऐकवला जातो’ असे एक वाक्य मी लिहून गेलो होतो. त्या वाक्यावर इतकी पत्रे आली की हा महिना त्यांनाच द्यावा लागत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (मिरज, एक निवृत्त शिक्षक) : माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. हिवाळ्यात तिच्याकडे असताना शेजारचे एक वृद्ध गृहस्थ दर शनिवारी दुपारी रेडिओ लावून इटालियन गाणे ऐकत बसलेले दिसत. हा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या नाट्यगृहातून थेट लागतो आणि त्यांच्या वडिलांच्या काळापासून चालू आहे, असे ते सांगत. हे खरे असेल का?

उत्तर : अगदी खरे आहे. आपण ज्याविषयी विचारता तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा शनिवारचा मॅटिनी खेळ होय. नाट्यगृहात तो जसा रंगतो तसाच त्याच क्षणी रेडिओवरून ऐकवण्याची प्रथा २५ डिसेंबर १९३१ पासून चालत आली आहे. पहिला खेळ मात्र इटालियन नव्हता. नाताळचा दिवस असल्यामुळे मुलांना आवडेल अशी हुम्परडिंक या जर्मन संगीतकाराची ‘हेन्झेल आणि ग्रेटेल’ ही संगीतिका निवडली गेली. व्हेर्दी, पुच्चिनी, दोनिझेत्ती, रोस्सिनी ही इटालियन संगीतकार मंडळी पुढे येतच राहिली आणि श्रोत्यांच्या मनात ‘शनिवारची दुपार’ हे शब्द बहुधा त्यांच्याच नावाशी जोडले गेले.

ही प्रथा संगीतप्रेमातून जन्मली असे म्हणायला मलाही आवडले असते, परंतु तिच्यामागे पैशांची चणचण होती. १९२९ नंतरच्या महामंदीत तिकिटे खपेनाशी झाली होती. संस्थेचे व्यवस्थापक जूलिओ गात्ती-काझात्सा हे मिलानच्या ला स्काला नाट्यगृहातून १९०८ साली न्यूयॉर्कला आलेले गृहस्थ. रेडिओच्या आवाजाविषयी त्यांच्या मनात शंका होत्या, मात्र एनबीसी या रेडिओ कंपनीने प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी देऊ केलेली रक्कम नाकारण्याची सोय त्या दिवसांत राहिली नव्हती. १९४० साली नाट्यगृहाची वास्तू विकत घेण्यासाठी संस्थेने दहा लाख डॉलरांचा निधी उभारायला घेतला. तेव्हा जे कधीही त्या नाट्यगृहाची पायरी चढणार नव्हते अशा खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यांनीही पाकिटांतून पैसे पाठवले, यावरून नऊ वर्षांत काय घडले होते ते समजते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात टेक्साको ही तेलकंपनी प्रायोजक झाली आणि २००४ सालापर्यंत राहिली.

आपल्या शेजाऱ्यांच्या वडिलांनी ऐकलेला आवाज बहुधा मिल्टन क्रॉस यांचा असावा. पहिल्या प्रक्षेपणापासून जानेवारी १९७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत निवेदनाची खुर्ची त्यांच्याकडेच होती. सोनेरी पडदा, पात्रांचे पोशाख, रंगमंचावरच्या खिडक्या नि जिने यांचे वर्णन ते पडदा वर जाण्याआधी करीत आणि गाणे सुरू झाले की गप्प बसत. ही शिस्त सुरुवातीला नव्हती. आरंभीच्या प्रक्षेपणांत डीम्स टेलर नावाचे संगीतकार-समीक्षक ऐन गाण्यावर बोलून कथानक समजावून सांगत असत. श्रोत्यांच्या तक्रारी आल्या आणि ते बंद झाले, हे उत्तम झाले. भर समेवर शेजारच्याने कानात बोलू लागावे तसाच तो प्रकार होता.

प्रश्न (पुणे, एक विद्यार्थिनी) : म्हणजे १९३१ चे प्रक्षेपण जगातले पहिलेच म्हणायचे का?

उत्तर : नाही. त्याच नाट्यगृहातून १३ जानेवारी १९१० रोजी ली डी फॉरेस्ट या संशोधकाने ‘कावाल्लेरिया रुस्तिकाना’ आणि ‘पाल्याच्ची’ या दोन छोट्या इटालियन संगीतिका बिनतारी यंत्रावरून ऐकवल्या होत्या. ‘पाल्याच्ची’मध्ये विदूषक कानियोची भूमिका खुद्द विख्यात गायक एन्रिको करूसो करीत होता. श्रोते कोण, तर बंदरातल्या जहाजांवरचे तारायंत्र चालवणारे आणि शहरात मुद्दाम बसवलेल्या काही यंत्रांपाशी कानाला श्रवणी लावून बसलेली मोजकी मंडळी. खरखरीतून करूसोचा आवाज अधूनमधून डोके वर काढी, इतकेच त्याचे स्वरूप होते. नियमित प्रक्षेपण शिकागोत १९२१ साली सुरू झाले, आणि लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमधून जानेवारी १९२३ मध्ये ‘द मॅजिक फ्लूट’ ऐकवले गेले.

घरबसल्या ऑपेरा ऐकण्याची हौस मात्र रेडिओहून जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने तिथल्या ऑपेरा-गृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक मांडले होते. प्रदर्शनात आलेले लोक दोन्ही कानांना दोन श्रवणी लावून ते गाणे ऐकत, आणि गायक डावीकडून उजवीकडे गेला तर तेही त्यांना कळे. १८८४ साली पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याला नाट्यगृहात जाणे शक्य नव्हते, तेव्हा लिस्बनच्या साँव कार्लुश नाट्यगृहातली संगीतिका त्याने अशाच तारेवरून ऐकली.

प्रश्न (मडगाव) : ऑपेरा इटलीचा, मग सगळी कथा न्यूयॉर्कचीच का? खुद्द इटलीत रेडिओवर काय होते? आमच्या तियात्राचे, म्हणजे कोकणी संगीत नाटकाचे, मूळही इटालियन ऑपेरात आहे असे जुने लोक सांगत, म्हणून उत्सुकता आहे.

उत्तर : आपल्या जुन्या लोकांचे म्हणणे बरोबर आहे. मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा मंडळीचे खेळ पाहून लुकाझिन रिबेरो यांनी ‘इटालियन भुर्गो’ हा पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच रंगमंचावर आणला. नावातच उगम सांगितलेला आहे.

इटलीत नियमित रेडिओ ऑक्टोबर १९२४ मध्ये सुरू झाला आणि नाट्यगृहांतली संगीतिका लवकरच त्याच्या वाट्याला आली. आज तिथला सर्वांत मोठा दिवस म्हणजे ७ डिसेंबर, मिलानचा ग्रामसंत अंब्रोज याचा सण. १९५१ पासून ला स्काला नाट्यगृहाचा हंगाम याच दिवशी उघडतो, आणि राई या सरकारी संस्थेचे तिसरे रेडिओ केंद्र तो खेळ थेट ऐकवते. ऐकणाऱ्याने पडदा पडल्यावर लगेच बंद करू नये, कारण वरच्या सज्जात बसणारे जुने दर्दी, ज्यांना तिथे ‘लोज्जोनिस्ती’ म्हणतात, ते गायकाला न आवडलेल्या सुराची किंमत तिथल्या तिथे मोजून देतात. आपल्याकडे पिटातल्या प्रेक्षकांचा धाक असे. तिथे तो माळ्यावरच्यांचा असतो.

या प्रक्षेपणांतला माझ्या मते सर्वांत हृद्य प्रसंग संगीतिकेचा नाही, मैफलीचा आहे. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बवर्षावात ला स्कालाचे छप्पर आणि सभागृह उद्ध्वस्त झाले होते. फॅसिस्टांशी न पटल्यामुळे देशाबाहेर राहिलेले वाद्यवृंद-संचालक आर्तुरो तोस्कानिनी डागडुजी झालेल्या नाट्यगृहात ११ मे १९४६ रोजी परतले. रोस्सिनी, व्हेर्दी, बोइतो, पुच्चिनी यांचे संगीत त्या रात्री रेडिओवरून देशभर गेले, आणि ज्यांना तिकीट मिळाले नाही असे लोक बाहेरच्या चौकात ध्वनिक्षेपकांखाली उभे राहून ऐकत होते.

सर्वांत गाजलेला प्रसंग मात्र रोमचा आहे. २ जानेवारी १९५८ रोजी रोम ऑपेराच्या हंगामाची पहिली रात्र होती. राष्ट्राध्यक्ष जोव्हान्नी ग्रोंकी सपत्नीक आलेले, बेल्लिनीच्या ‘नोर्मा’त विख्यात गायिका मारिया कॅलास, आणि देशभर रेडिओ लावलेला. कॅलासचा घसा बसला होता. पहिला अंक तिने कसाबसा निभावला आणि दुसऱ्या अंकासाठी ती बाहेर आलीच नाही. बदली गायिका तयार ठेवलेली नव्हती, त्यामुळे लांबलेल्या मध्यंतरानंतर खेळ रद्द झाला. नाट्यगृहात हजार-दोन हजार लोक असतील, परंतु रेडिओमुळे त्या रात्रीचा साक्षीदार सारा देश होता, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी जो गदारोळ केला त्याला हेच कारण होते. पहिल्या अंकाचे ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ते ऐकून माझे मत असे झाले आहे की आवाज आजारी होता, नखरा नव्हता. दोन दिवसांनी तिच्या जागी आलेली अनिता चेर्क्वेत्ती त्याच आठवड्यांत नेपल्समध्येही नोर्माच गात होती. दोन शहरांत ये-जा करून तिने दोन्ही खेळ सांभाळले. तिचे नाव मात्र आज फारसे कुणी घेत नाही.

प्रश्न (नागपूर) : भाषा कळत नाही, रंगमंच दिसत नाही, आणि खेळ तीन तासांचा. मग ऐकायचे तरी काय? एक-दोनदा प्रयत्न करून सोडून दिले.

उत्तर : आपण बहुधा सुरुवातीपासून शेवटापर्यंत नेटाने ऐकायला बसलात. तसे करू नये. कथानक आधी दहा मिनिटे मराठीत किंवा इंग्रजीत वाचून घ्यावे आणि एकच अंक ऐकावा. माझी सूचना व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’चा तिसरा अंक ऐकावा अशी आहे. ही संगीतिका व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात ११ मार्च १८५१ रोजी प्रथम झाली.

रिगोलेत्तो हा मांतुआच्या ड्यूकचा कुबडा विदूषक. ड्यूकने त्याची मुलगी जिल्दा हिला नासवले म्हणून त्याने एका मारेकऱ्याला पैसे देऊन ड्यूकच्या खुनाचा बेत केला आहे. नदीकाठची मोडकळीला आलेली खानावळ, आत ड्यूक आणि मारेकऱ्याची बहीण, बाहेर अंधारात भिंतीच्या फटीतून पाहणारे बाप-लेक. येथे चौघे एकाच वेळी गातात. नाट्यगृहात डोळा गुंतून पडतो. रेडिओवर मात्र चारही आवाज सुटे सुटे ऐकू येतात, कारण त्यांची जातच निराळी आहे. ड्यूकचा तार स्वरातला पुरुषी आवाज लाडीगोडी लावतो, त्या बहिणीचा खालच्या पट्टीतला स्त्री-आवाज तुटक तुटक हसतो, जिल्दाचा उंच आवाज हुंदक्यांनी खंडित होतो आणि बापाचा जाड आवाज तिला बजावत राहतो. शब्द न कळताही कोण खोटे बोलत आहे ते समजते. नंतर वादळ येते. वाऱ्याचा घोंघावता आवाज कुठल्या यंत्राचा नव्हे. पडद्यामागे पुरुषांचा वृंद तोंड मिटून गुणगुणत असतो आणि ते स्वर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली सरकतात.

मध्यरात्री मारेकरी रिगोलेत्तोच्या हाती एक पोते देतो. आत ड्यूकचे प्रेत आहे, अशा समजुतीने तो ते नदीत लोटणार, एवढ्यात दूरवरून ड्यूकच्या गळ्यातले ‘ला दोन्ना ए मोबिले’ हे पद पुन्हा ऐकू येते. ड्यूक जिवंत आहे! मग पोत्यात कोण? या घटकेला रंगमंचावर ड्यूक नसतो. रिगोलेत्तोला तो दिसत नाही, केवळ त्याचा आवाज कानी पडतो, आणि सारे नाटक त्या ऐकण्यावर उलटते. रेडिओपाशी बसलेला श्रोता नेमका त्याच्याच जागी उभा असतो. प्रेक्षकाला इतके जवळ जाता येत नाही. व्हेर्दीच्या हयातीत रेडिओ आला नाही, तरीही हा प्रवेश जणू रेडिओसाठीच रचला आहे, असे मला दर खेपेला वाटते.

एक फरक मनात असू द्यावा. आपल्या संगीत नाटकातले पद गायक आपल्या मगदुराप्रमाणे फुलवतो आणि मधले गद्य बोलले जाते. या इटालियन संगीतिकांत संवादही गायलेच जातात, आणि संगीतकाराने लिहिलेल्या स्वरांत आलाप-तानांची मोकळीक जवळजवळ नसते. त्यामुळे ‘आता याने जागा घ्यावी’ अशी वाट पाहत बसलात तर निराशा होईल.

प्रश्न (ठाणे, नाटकांना ध्वनिसंयोजन करणारा एक वाचक) : ऑपेरा गायक माईक वापरत नाहीत म्हणतात. मग रेडिओवर आवाज येतो कुठून? मधेच तो लांब गेल्यासारखा का वाटतो?

उत्तर : प्रेक्षकांसाठी माईक नसतो, हे खरे. साठ-सत्तर वाद्यांच्या वर आपला आवाज नुसत्या गळ्याच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे हीच या गायकीची कसोटी आहे. रेडिओसाठी रंगमंचाच्या कडेला, वाद्यवृंदाच्या खड्ड्यात आणि वर टांगून असे वेगळे माईक लावतात. ते जागचे हलत नाहीत, गायक हलतो. तो मागच्या जिन्यावर चढला की आपल्याला आवाज दुरावल्यासारखा वाटतो. तंत्रज्ञ स्वरलिपी समोर ठेवून, पुढे कुठे वृंद गर्जणार आणि कुठे एकटी बासरी उरणार हे आधीच पाहून पातळी सांभाळतो. आपल्या धंद्यातली ही जोखीम आपल्याला सांगायला नको. जुन्या प्रक्षेपणांत व्हायोलिने मुकी वाटतात, कारण आवाज टेलिफोनच्या तारांवरून जाई आणि त्या तारा वरच्या पट्टीतली चमक गाळून टाकीत.

नको ते ऐकू येण्याची गंमतही यातच आहे. ऑपेराचा प्रॉम्प्टर विंगेत उभा नसतो. तो रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एका खोक्यात बसतो आणि गायक विसरो वा न विसरो, प्रत्येक ओळीचे पहिले शब्द किंचित आधी पुरवतो. कडेचे माईक त्याच्या तोंडाशीच असतात. लिस्बनच्या साँव कार्लुशमध्ये २७ मार्च १९५८ रोजी कॅलास आणि तरुण आल्फ्रेदो क्राउस यांनी गायलेल्या ‘ला त्राव्हियाता’चे रेडिओसाठीचे ध्वनिमुद्रण पुढे तबकडीवर आले, त्यात हा प्रॉम्प्टर इतका स्पष्ट ऐकू येतो की तिसरे पात्रच वाटावे. तोस्कानिनींची गोष्ट निराळी. ‘ला बोहेम’चा पहिला खेळ १ फेब्रुवारी १८९६ रोजी तुरिनला त्यांनीच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, चालवला होता, पन्नास वर्षांनी, ३ आणि १० फेब्रुवारी १९४६ रोजी, न्यूयॉर्कच्या एनबीसी स्टुडिओतून त्यांनी तीच संगीतिका दोन हप्त्यांत रेडिओवर सादर केली. त्या मुद्रणात वाद्यवृंदाबरोबर एक घोगरा म्हातारा आवाज मधेच गुणगुणताना येतो. तो त्यांचाच. मुद्रण स्वच्छ करणाऱ्यांनी तो काढला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : तिथे ‘वन्स मोअर’ असतो का?

उत्तर : इटालियन प्रेक्षक ‘बिस’ असे ओरडतात. एके काळी तो सर्रास मिळे. पुढे मोठ्या नाट्यगृहांनी बंदी घातली. ला स्कालात एकल गायकाने पद पुन्हा म्हणण्याचा प्रसंग १९३३ नंतर थेट फेब्रुवारी २००७ मध्ये आला. पेरूच्या हुआन दिएगो फ्लोरेस याने दोनिझेत्तीचे, नऊ वेळा तार ‘सी’ लावावे लागणारे पद तेव्हा दुसऱ्यांदा म्हटले, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कलाही त्याने तेच केले. मार्च २०११ मध्ये रोमला वाद्यवृंद-संचालक रिकार्दो मूती यांनी सांस्कृतिक खर्चातल्या कपातीविरुद्ध चार शब्द बोलून व्हेर्दीच्या ‘नाबुक्को’तले कैद्यांचे समूहगान पुन्हा घेतले आणि प्रेक्षकांनाही बरोबर म्हणायला लावले.

प्रश्न (नाशिक) : आपल्याकडे हे किती वाजता ऐकता येईल?

उत्तर : न्यूयॉर्कचा खेळ सहसा दुपारी १ वाजता सुरू होतो. तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात शनिवारचे रात्रीचे ११:३० झालेले असतात, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळे पुढे सरकली की १०:३०. लांबलचक संगीतिका असेल त्या दिवशी वेळ अलीकडे येते. मिलानचा ७ डिसेंबरचा पडदा संध्याकाळी ६ ला वर जातो, म्हणजे आपले रात्रीचे १०:३०. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. ज्यांना पाहायचेही आहे त्यांच्यासाठी मेट्रोपॉलिटनच्या खेळांचे चित्रण मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये दाखवले जात आले आहे, पण तो या सदराचा विषय नव्हे.

जोडणी भरवशाची ठेवा, एवढेच सांगतो. गेल्या हिवाळ्यात पुच्चिनीची ‘तोस्का’ ऐकत होतो. तिसऱ्या अंकातली पहाट झाली, मेंढपाळ पोराचे गाणे झाले, रोमच्या देवळांच्या घंटा एकेक करून वाजल्या, शिपायांची पावले आली, आणि बंदुका झाडण्याच्या हुकमाआधी आमच्या इमारतीतले इंटरनेट गेले. रात्रीचे अडीच वाजले होते. तोस्काने किल्ल्याच्या तटावरून उडी मारली असणार, असे गृहीत धरून मी झोपलो.